टपाखालची झोप

नवतपातल्या दुपारी पांढरकवड्याहून पाटणबोरीकडे निघालात, तर ढाब्यांसमोर ट्रकांच्या रांगा दिसतील. केबिनमध्ये मात्र माणूस दिसायचा नाही. तो ट्रकच्या पोटाखाली असतो. चाकांमधल्या सावलीत दोरांनी झोळी बांधून ड्रायव्हर पडलेला, शेजारी बाजेवर क्लीनर. केबिनमध्ये निजायला फळी आहे, गादी आहे. पण बाहेर ४५ अंश असताना बंद केबिनमधली हवा त्याहून १५-२० अंशांनी चढते. रेक्झिनच्या गादीला हात लावला तरी चटका बसतो. अशा कच्च्या झोपेवर रात्रभर गाडी हाकायची असते.

हा श्रीनगर–कन्याकुमारी महामार्ग क्रमांक ४४. जुनी माणसं अजून त्याला ‘सात नंबर’ म्हणतात. वडकी, करंजी, पांढरकवडा, पाटणबोरी करत तो पैनगंगेपलीकडे आदिलाबादला जातो. काश्मीरची सफरचंदं याच वाटेनं हैदराबादला उतरतात. एकाच केबिनला बनिहालची गोठवणारी रात्र आणि केळापूर तालुक्यातली मे महिन्याची दुपार, दोन्ही सोसावी लागतात.

केबिन तापते ती तीन वाटांनी. समोरच्या मोठ्या काचेतून ऊन आत येतं. टपाचा पत्रा वरची आग खाली देतो. थर्मोकोलच्या तुलनेत पोलादातून उष्णता हजारपटीहून अधिक सहज वाहते. तिसरं इंजिन. त्यात फिरणारं पाणी ९० अंशांच्या आसपास असतं, आणि गाडी बंद केल्यावरही ते बराच वेळ ड्रायव्हरच्या पायाशी धग सोडत राहतं.

डिसेंबर २०२३ च्या अधिसूचनेनं केंद्रानं १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या, साडेतीन टनांवरच्या मालट्रकांना वातानुकूलित केबिन सक्तीची केली. नितीन गडकरींनी हा विषय लावून धरला, याचं विदर्भानं मनापासून स्वागत करावं. पण केबिनचा एसी सहसा इंजिनवर चालतो. झोपताना इंजिन सुरू ठेवलं तर डिझेल जळतं आणि धूर आत शिरण्याची भीती. बंद केलं तर पुन्हा तोच पत्रा. झोपेपुरता खरा आधार अस्तराचाच.

हे अस्तर घालणं ही कारागिरी आहे. पत्र्याला आतून फोमशीट चिकटवायची, तीही एकही फट न ठेवता. चकाकती पन्नी लावायची तर तिच्यापुढं बोटभर पोकळी हवी. दोन थरांत दाबून बसवली की तिचा उपयोग संपला. टपाच्या लोखंडी पट्ट्या आतल्या प्लायवूडला थेट टेकल्या तर फोम असूनही त्यांच्यातून उष्णता उतरते, म्हणून मध्ये रबराची पट्टी घालावी. इंजिनच्या झाकणाखाली थर्मोकोल कधीच नको, तो वितळतो. तिथं काचलोकरच हवी. टपाला बाहेरून पांढरा रंग हा सगळ्यात स्वस्त उपाय, आणि तोच बहुतेक जण विसरतात. एक पथ्य मात्र पाळायचं: अस्तर आत शिरलेली उष्णताही धरून ठेवतं. म्हणून दिवस मावळला की खिडक्या उघडायच्या, आणि त्यांना डासांची जाळी हवी.

यवतमाळ जिल्ह्याला ही विद्या परकी नाही. लांबच्या प्रवासाला निघताना बंडीवर तट्ट्याचं छप्पर बांधत, खाली कुटार पसरत आणि वर कापसाची गादी टाकत. बांबू, कुटार, कापूस, तिन्हींच्या पोटात कोंडलेली हवा असते, आणि उष्णता अडते ती त्या हवेमुळेच. मोटार आली, पत्रा आला आणि मधला हा थर गळाला.

नवा नियम नव्या गाड्यांपुरता आहे. वणीचा कोळसा, यवतमाळचा कापूस वाहणारे जुने ट्रक अजून कित्येक उन्हाळे याच रस्त्यावर धावतील. ट्रकमालकांनो, येत्या चैत्राआधी गाडी मिस्त्रीकडे उभी कराल तेव्हा टायरांबरोबर टपाच्या अस्तराचाही हिशेब धरा.