वॉशिंग्टन घराण्याचा करीना

१७९१ च्या डिसेंबर महिन्यात, ब्रिटनशी तह होऊन अमेरिकेच्या स्वातंत्र्यावर शिक्कामोर्तब झाल्याला अवघी आठ वर्षे लोटली असताना, लंडनच्या कॉलेज ऑफ आर्म्स या संस्थेचा मुख्य अधिकारी सर आयझॅक हर्ड याने अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन याला एक पत्र लिहिले. इंग्लंडातील मानकरी घराण्यांच्या वंशावळी आणि त्यांची ढालीवरील कुलचिन्हे यांचे दप्तर सांभाळणे हे या संस्थेचे काम. आणि ज्या पुरुषाने आपल्या धन्याचे तेरा मुलूख तोडून नेले त्याचीच वंशावळ त्या दप्तरात रीतसर चढवावी, अशी या राजसेवकाची मनीषा होती. मनीषा अजब खरी. परंतु हर्डचा अमेरिकेशी संबंध घरचा होता. त्याची पत्नी बोस्टनची, ऑक्टरलोनी नावाच्या गृहस्थाची विधवा, आणि तिचा पहिल्या घरचा मुलगा डेव्हिड हा ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेत शिरून हिंदुस्थानात आलेला. १८०४ च्या ऑक्टोबरात यशवंतराव होळकरांच्या फौजेने दिल्लीला वेढा दिला तेव्हा शहर राखणारा रेसिडेंट ऑक्टरलोनी तो हाच.

वॉशिंग्टनने उत्तर पाठवले ते २ मे १७९२ रोजी. आपले आयुष्य धामधुमीत गेले, या विषयाकडे आपण फारसे लक्ष दिले नाही, असे त्याने मोकळेपणाने कळवले. तरीही मधल्या काळात चुलतभावाच्या विधवेकडे पत्र धाडून त्याने घरातील शाखांची नावे गोळा केली होती, आणि त्यांचा एक आराखडा उत्तरासोबत जोडला होता. त्याच्या माहितीचा सारांश असा, की आपला पणजा जॉन आणि त्याचा भाऊ लॉरेन्स हे १६५७ च्या सुमारास इंग्लंडच्या उत्तरेकडील कोणत्या तरी परगण्यातून व्हर्जिनियात आले. तो परगणा लँकेशायर, यॉर्कशायर की आणखी वरचा, हे नक्की आठवत नाही. चार पिढ्यांत एका घराण्याची स्मृती एवढी झिजली होती.

हर्डने या धाग्यावरून शोध केला तो नॉर्थम्प्टनशायरमधील सुलग्रेव्ह गावापर्यंत पोहोचला. तेथे आठव्या हेन्रीच्या काळी लॉरेन्स वॉशिंग्टन नावाचा लोकरीचा सधन व्यापारी होता. तो नॉर्थम्प्टन शहराचा दोन वेळा महापौर झाला, आणि राजाने मठ मोडून त्यांच्या जमिनी सरकारजमा करून विकावयास काढल्या तेव्हा, १५३९ साली, त्याने ३२४ पौंड १४ शिलिंग १० पेन्स मोजून सुलग्रेव्हचे गाव खरेदी केले. पांढऱ्या ढालीवर दोन तांबडे पट्टे आणि वर तीन तांबडे तारे, हे या घराण्याचे चिन्ह त्याच्या वाड्याच्या देवडीवर आजही आहे. जॉर्ज वॉशिंग्टन तेच आपल्या ग्रंथसंग्रहाच्या छापील चिठ्ठीवर वापरीत असे, आणि अमेरिकेच्या राजधानीचा ध्वज त्यावरूनच केलेला आहे. (अमेरिकेच्या राष्ट्रध्वजावरील तारे आणि पट्टेही त्यावरूनच घेतले, ही समजूत फार लोकप्रिय आहे, तिला आधार नाही.) या महापौराच्या पणतवंडांत हर्डला जॉन आणि लॉरेन्स अशी दोन सख्ख्या भावांची नावे सापडली आणि त्याने ती उचलून व्हर्जिनियात पोटोमॅक नदीच्या काठी नेऊन बसवली. १८२२ साली बेकरने नॉर्थम्प्टनशायरच्या इतिहासात ती वंशावळ छापली, वॉशिंग्टन अर्व्हिंगसारख्या चरित्रकाराने ती स्वीकारली, आणि पाऊणशे वर्षे ती सर्वमान्य होऊन राहिली.

ती खोटी होती. नाव जुळले म्हणजे माणूस जुळला, ही वंशशोधनातील सर्वांत जुनी आणि सर्वांत सोयीची चूक आहे, आणि राजाच्या कुलचिन्हाधिकाऱ्याने ती करावी यावरून तिची मोहिनी केवढी असेल याची कल्पना यावी. १८६६ साली कर्नल जोसेफ लेम्युएल चेस्टर या कनेक्टिकटमध्ये जन्मलेल्या आणि लंडनला येऊन राहिलेल्या अमेरिकनाने, ज्याने पुढे वेस्टमिन्स्टर ॲबीतील बाप्तिस्मा-विवाह-दफनांच्या नोंदवह्या संपादित केल्या, हर्डच्या या दोन भावांचा प्रत्यक्ष पाठपुरावा केला. त्यांतला जॉन हा नाइट होता, आणि व्हर्जिनियाच्या जॉनला 'सर' ही पदवी कोणत्याही दस्तऐवजात नाही. लॉरेन्स तर धर्मोपदेशक, व्हर्जिनियातील तंबाखूच्या मळेवाल्याशी त्याचा मेळ बसणे अशक्य. चेस्टरने जुनी इमारत पाडली, पण तिच्या जागी नवी उभी करण्याइतका पुरावा हाती नाही म्हणून ती उभी केली नाही. विद्वानाला हा संयम फार महाग पडतो, कारण रिकामी जागा दिसली की तेथे दुसरेच कोणी बांधकाम काढतात. आल्बर्ट वेल्स नावाच्या गृहस्थाने १८७९ मध्ये न्यूयॉर्कला एक जाडजूड ग्रंथ छापून वॉशिंग्टनचा वंश थेट ओडिनपासून, म्हणजे उत्तर युरोपच्या पुराणांतील देवापासून, इसवी सनापूर्वी ७० हे वर्षही घालून, एकही पिढी न वगळता जुळवून दाखवला. असले ग्रंथ आपल्याकडेही काही कमी निघालेले नाहीत.

खरा दुवा सापडला तो हेन्री फिट्झगिल्बर्ट वॉटर्स याला. बोस्टनच्या न्यू इंग्लंड हिस्टॉरिक जीनिऑलॉजिकल सोसायटीने, जी १८४५ साली याच कामासाठी स्थापन झाली, त्याला १८८३ साली लंडनला पाठवले होते. त्याचे काम वरवर पाहता कारकुनी होते: सॉमरसेट हाउसमध्ये साठवलेली जुनी मृत्युपत्रे एकामागून एक वाचीत जायची, आणि अमेरिकेत गेलेल्या कोणाचेही नाव दिसले की टिपून घ्यायचे. हार्वर्ड विद्यापीठाला ज्याचे नाव आहे त्या जॉन हार्वर्डचे मूळ साउथवर्कमध्ये त्यानेच शोधून काढले. १८८९ मध्ये त्याने वॉशिंग्टनसंबंधीचा निबंध प्रसिद्ध केला, आणि हर्डची चूक किती विलक्षण होती ते उघड झाले. घराणे बरोबर, गाव बरोबर. चुकली होती ती नेमकी एक पिढी. हर्डने ज्या धर्मोपदेशक लॉरेन्सला व्हर्जिनियात नेले होते तो तेथे कधी गेलाच नाही. गेले ते त्याचे मुलगे.

या धर्मोपदेशकाची हकीकत करुण आहे. सुलग्रेव्हचा वाडा त्याच्या लहानपणीच, १६१० साली, नात्यातल्या माणसाला विकला गेला होता. १६१६ मध्ये वारलेल्या बापाच्या ग्रेट ब्रिंग्टन येथील थडग्यावर आठ मुलगे आणि नऊ मुली अशी संततीची नोंद आहे, त्यावरून प्रत्येकाच्या वाट्याला काय आले असेल ते दिसतेच. लॉरेन्स ऑक्सफर्डच्या ब्रेझनोज कॉलेजचा फेलो झाला, १६३१ साली विद्यापीठाचा प्रॉक्टर झाला. परंतु फेलोला लग्न करता येत नसे, आणि अँफिलिस ट्विग्डेन हिच्याशी त्याचे मन जडले होते. तेव्हा विद्यापीठ सोडून त्याने एसेक्समधील पर्ली येथील चर्चची वृत्ती पत्करली. पुढे राजा आणि पार्लमेंट यांचे युद्ध पेटले. राजपक्षाचा म्हणून १६४३ मध्ये त्याची वृत्ती जप्त झाली, वर मद्यपीपणाचा आरोप छापून त्याची बदनामी झाली. तो निर्व्यसनी आणि सज्जन होता अशी साक्ष एका न्यायाधीशाने नंतर दिली, पण ती छापून आली तोवर साठ वर्षे उलटून गेली होती. एका अत्यंत गरीब गावच्या चर्चची वृत्ती सांभाळीत तो १६५३ च्या जानेवारीत माल्डन येथे मातीआड झाला.

बायकामुले मात्र हर्टफर्डशायरमधील ट्रिंग या गावी होती, अँफिलिसच्या माहेरच्या आधाराने. वॉटर्सला सापडलेला कळीचा कागद हा तेथल्या अँड्र्यू नोलिंग याचे मृत्युपत्र. नोलिंग हा अँफिलिसचा सावत्र बाप. त्याने आपल्या धर्मपुत्राला, म्हणजे लहान्या लॉरेन्स वॉशिंग्टनला वारस केले, आणि त्याच्या भावंडांना थोडेथोडे ठेवताना त्यांची नावे लिहून ठेवली: जॉन, विल्यम, एलिझाबेथ, मार्गारेट, मार्था. दुसरा कागद १६५६ च्या फेब्रुवारीचा. अँफिलिस ट्रिंगला वारली आणि तिच्या चीजवस्तूंची व्यवस्था पाहण्याचा अधिकार मुलगा जॉन याला मिळाला. (मूळ कागदात वर्ष १६५५ दिसते, कारण १७५२ पर्यंत इंग्लंडात नवे साल २५ मार्चला लागे, शुहूर सन आणि फसली सन यांची उठाठेव केलेल्या आमच्या संशोधकांना हे सांगायला नको.) आई गेली, घर मोडले, आणि त्याच वर्षात जॉन 'सी हॉर्स ऑफ लंडन' या व्यापारी गलबतावर दुय्यम अधिकारी म्हणून चढला.

याउपर कोणी शंका काढील, की ट्रिंगचा जॉन आणि व्हर्जिनियाचा जॉन हे तरी एकच कशावरून? हर्डच्या सिद्धांतावर घ्यायचा तोच हा आक्षेप. आणि त्याचे उत्तर मिळाले ते एका बहिणीमुळे. जॉनने १६७५ च्या मृत्युपत्रात बहीण मार्था हिला चार हजार पौंड तंबाखू ठेवली आणि तिच्या समुद्रप्रवासाचा खर्च माफ केला. मार्था व्हर्जिनियात आली, तेथेच लग्न करून नांदली, आणि १६९७ साली स्वतःच्या मृत्युपत्रात इंग्लंडातील दोन बहिणींना तिने आठवणीने काही ठेवले. त्यांची नावे एलिझाबेथ आणि मार्गारेट. धाकट्या लॉरेन्सनेही लूटन गावी राहिलेल्या आपल्या मुलीला इंग्लंडातील मिळकत लिहून दिली होती, आणि लूटनच्या चर्चच्या नोंदवहीत त्या मुलीचे नाव आहे. ढालीवरच्या ताऱ्यांनी आणि पट्ट्यांनी जे सिद्ध झाले नाही ते बहिणीला दिलेल्या तंबाखूने सिद्ध झाले. आमच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत यात्रेकरूची पदवी नसते, पण मागे कोण कोण आहे ते असते, तशातलाच हा प्रकार.

जॉनचे व्हर्जिनियातील आगमनही योजून झालेले नव्हते. १६५७ च्या आरंभी परतीच्या वाटेवर 'सी हॉर्स' पोटोमॅकमध्ये वाळूत रुतले; ते तरते होईपर्यंत जॉनची तेथल्या नॅथॅनिएल पोप या जमीनदाराशी ओळख वाढली, आणि पुढच्या वर्षी त्याच्या ॲन या मुलीशी लग्न होऊन सासऱ्याकडून सातशे एकर जमीन मिळाली. गलबताचा मालक एडवर्ड प्रेस्कॉट याच्याशी त्याचे हिशेबावरून वाकडे आले ते कायमचे. १६५९ मध्ये त्याने मेरीलंडच्या सरकारात फिर्याद केली, की प्रेस्कॉटच्या दुसऱ्या एका गलबतावर एलिझाबेथ रिचर्डसन नावाच्या स्त्रीला चेटकीण ठरवून भर समुद्रात फाशी दिली. चौकशी नेमली गेली, ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यातली तारीख पडली, आणि फिर्यादी गैरहजर! नवजात मुलाचा नामकरणविधी ठरला आहे, पाहुण्यांना आमंत्रणे गेली आहेत, तेव्हा येता येत नाही, असे पत्र त्याने धाडले. साक्षीदाराअभावी प्रेस्कॉट सुटला. त्या बिचाऱ्या स्त्रीला न्याय मिळाला नाही, आणि जॉनच्या कीर्तीत भर घालणारी ही गोष्ट नव्हे. पण ते पत्र दप्तरी राहिल्यामुळे जॉर्ज वॉशिंग्टनच्या आजाचा, म्हणजे आणखी एका लॉरेन्सचा, जन्मकाळ आपल्याला कळतो.

पुढे जॉन कर्नल झाला, कायदेमंडळात गेला. १६७५ मध्ये सस्क्वेहॅनॉक जमातीच्या किल्ल्याला वेढा पडला असता बोलणीस आलेल्या त्यांच्या पाच प्रमुखांची हत्या झाली. व्हर्जिनियाच्या तुकडीवर तेव्हा अधिकारी म्हणून जॉन होता. 'गावे गिळणारा' अशा अर्थाचे नाव तेथील लोकांनी त्याला दिले, आणि पाऊण शतकानंतर दुसऱ्या एका जमातीच्या सरदाराने ते त्याच्या पणतवाला, तरुण जॉर्जला, दिले. घराण्यातून पणज्याचे गाव विसरले गेले, पण पणज्याची करणी तिकडे कोणी विसरले नव्हते.

मधल्या पिढ्या थोडक्यात सांगून भागण्यासारख्या आहेत. आजा लॉरेन्स १६९८ मध्ये अकाली वारला. विधवेने पुन्हा लग्न केले आणि मुलांसह इंग्लंडच्या वायव्य किनाऱ्यावर व्हाइटहेवनला गेली, तेथे १७०१ मध्ये वारली. मुलगा ऑगस्टीन काही काळ ॲपलबीच्या शाळेत शिकला आणि ताब्याचा दावा होऊन व्हर्जिनियात परतला. 'उत्तरेकडील परगणा' ही घरातली आठवण माझ्या मते येथून आलेली असावी: बापाच्या शाळेचा मुलूख मुलाने पणज्याच्या खाती टाकला. ऑगस्टीन १७४३ मध्ये वारला तेव्हा अकरा वर्षांच्या जॉर्जच्या वाट्याला रॅपहॅनॉक नदीकाठचा मळा आणि दहा गुलाम आले.

हे दहा जण ज्या कागदावर मिळकत म्हणून येतात तोच कागद घराण्याच्या वंशावळीचा पुरावा आहे, आणि वंशावळ लिहिणाऱ्यांनी दोनशे वर्षे त्याची एकच बाजू वाचली. १७९९ च्या उन्हाळ्यात वॉशिंग्टनने माउंट व्हर्ननवरील गुलामांची याद स्वतःच्या हाताने तयार केली: एकूण ३१७ माणसे, त्यांत स्वतःची १२३, पत्नी मार्था हिच्या पहिल्या पतीच्या मिळकतीपैकी १५३, बाकीची भाड्याने घेतलेली. कोण कोणत्या मळ्यावर, वय काय, नवरा किंवा बायको कोणाच्या मालकीची, मूल कोणाचे, हे त्याने रकाने आखून नेटकेपणाने लिहिले आहे. ज्या गृहस्थाला स्वतःच्या पणज्याचा परगणा सांगता आला नाही त्याच्या हातून शेकडो माणसांच्या कुटुंबांचा हा करीना तयार झाला, आणि त्याचा हेतू वंशशोधनाचा मुळीच नव्हता.

त्याच वर्षी डिसेंबरात तो निपुत्रिक वारला. मृत्युपत्राप्रमाणे त्याचे स्वतःचे गुलाम पत्नीच्या पश्चात मुक्त व्हायचे होते. मार्थाने त्यांना १ जानेवारी १८०१ रोजीच मुक्त केले. उरलेल्या १५३ जणांना मुक्त करण्याचा कायदेशीर हक्क दोघांनाही नव्हता. १८०२ मध्ये मार्था वारल्यावर त्या मिळकतीची तिच्या चार नातवंडांत वाटणी झाली, आणि यादीत ज्यांची नावे नवराबायको म्हणून शेजारी लिहिलेली होती त्यांतली कित्येक जोडपी, एक मुक्त आणि एक गुलाम अशी, निरनिराळ्या घरी गेली. त्यांचे वंशज आज आपली मुळे शोधतात ती याच यादीपासून.