अयुग्म इलेक्ट्रॉनची साक्ष

अमुक वनस्पतीने शरीरातील नायट्रिक ऑक्साइड वाढते व रक्तवाहिन्या विस्फारतात, असे विधान आम्हा वैद्यांच्या लेखनात वारंवार येते. परंतु ते हीमपर्यंत पोहोचले, हे कळावे कसे?

१९४४ साली कझान येथे झावोयस्की यांनी शोधलेली इलेक्ट्रॉन पॅरामॅग्नेटिक रेझोनन्स पद्धती येथे उपयोगी पडते. ती केवळ अयुग्म इलेक्ट्रॉनची दखल घेते. ऑक्सिजनयुक्त हिमोग्लोबिन तिच्यापुढे मूक राहते; मात्र हीममधील फेरस लोहाशी नायट्रिक ऑक्साइड जोडले गेले की संकेत उमटतो. द्रव नायट्रोजनात, उणे १९६ अंश सेल्सिअसला गोठवलेल्या नमुन्यात तो सुस्पष्ट होतो. लोहाचा हिस्टिडीनशी असलेला बंध तुटला असल्यास त्यात तीन ठळक रेषा दिसतात. रक्तवाहिनी शिथिल करणाऱ्या ग्वानिलेट सायक्लेज या विकराचे कार्यप्रवण होणे याच बंधाच्या तुटण्याशी निगडित आहे.

चरकाचार्यांच्या परिभाषेत हे प्रत्यक्ष नव्हे, अनुमान होय. धुरावरून अग्नी कळतो. भात शिजला की नाही, ते कळत नाही. म्हणून संकेत दिसला एवढ्यावरून रोगी बरा झाला असे आम्ही मानू नये. आणि कोणतेच मापन न करता ‘नायट्रिक ऑक्साइड वाढते’ असे तर मुळीच लिहू नये.