हिऱ्यानेच हिरा घासायचा!

खाणीतून नुकताच निघालेला हिरा तुमच्या हातावर ठेवला, तर काचेचा खडा समजून तुम्ही तो फेकूनच द्याल! झगमगाट येतो तो पैलूंमुळे. पण सगळ्यांत कठीण खनिजाला पैलू पाडायचे कशाने?

अहो, काट्याने काटा काढतात ना, तसंच! जुने कारागीर हिऱ्यावर हिरा घासत. पडलेली पूड जपून ठेवत. ती तेलात कालवून फिरत्या चाकाला लावायची नि त्यावर हिरा दाबून धरायचा. गंमत म्हणजे, हिरा सगळ्या दिशांनी सारखाच कठीण नसतो. नेमकी दिशा सापडली तरच तो झिजतो, नाहीतर नुसतं चाक फिरवत बसा! आणि खरा हिरा घणाने फुटत नाही, असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका हं. योग्य जागी खाच पाडून, पातं ठेवून एकच टोला दिला, की तो सरळ दुभंगतो.

सतराव्या शतकात ताव्हेर्निये नावाचा फ्रेंच जवाहिऱ्या दख्खनच्या खाणींवर आला होता. आपले कारागीर कसे काम करतात, ते त्याने लिहून ठेवलंय. हिरा निर्दोष असेल, तर ते त्याला चाकाचा नुसता स्पर्श करत, कारण वजन घटता कामा नये! डाग असेल, तर वर पुष्कळ बारीक पैलू पाडून तो झाकत. हुशारीच की! बोर्जिओ नावाच्या व्हेनिसच्या कारागिराने मात्र मुघल बादशहाचा अवाढव्य हिरा घासून घासून पार लहान केला. मजुरी राहिली बाजूला, उलट दहा हजार रुपये दंड झाला!

युरोपात लोकांना वजनापेक्षा चमक प्यारी. १८५१ मध्ये लंडनच्या प्रदर्शनात आपला कोहिनूर पाहून लोक हिरमुसले. ‘हा तर चमकतच नाही!’ म्हणून १८५२ मध्ये ॲमस्टरडॅमचे कारागीर बोलावले. वाफेच्या यंत्रावर चाक फिरू लागलं. ३८ दिवसांनी काम संपलं, तेव्हा सुमारे १९१ कॅरटचा कोहिनूर उरला होता १०५.६ कॅरटचा. चमकला खरा, पण जवळजवळ निम्मा गेला. राणीचे पती प्रिन्स अल्बर्ट यांनी तो हातात घेतला आणि त्यांचा चेहराच उतरला!