वऱ्हाडी बोलीचें हंसें

हंसणें ही ईश्वराची देणगी खरी. परंतु कोणास हंसावें आणि कशासाठीं हंसावें, ह्याचा विवेक ज्याचा त्यानें करावयाचा असतो. शिक्षणासाठीं पुण्यास ठेवलेला आमचा नातू गेल्या दिवाळींत रिसोडास आला, तों आईशींही छापील भाषेंत बोलूं लागला. खोदून विचारलें तेव्हां म्हणाला, "आबा, मी ‘काऊन’ म्हटलं का पोरं हासतात. टीव्हीतल्यासारखं अजून बोल, म्हणतात."

टीव्हीवरचें म्हणजे कोणतें, हें वाचकांस ठाऊक आहे. 2014 सालीं सुरू झालेल्या ‘चला हवा येऊ द्या’ ह्या कार्यक्रमांतून अमरावतीकडील श्री. भारत गणेशपुरे ह्यांनीं वऱ्हाडी बोली घरोघर पोंचविली. ह्या गुणी नटाविषयीं आम्हांस आदरच आहे. बोली त्यांची स्वतःची आहे, उसनी नव्हे. दोष पाहणाऱ्याच्या समजुतींत आहे. ‘डोळ्या’चा ‘डोया’ ऐकला कीं बोलणारा अडाणी, असें तो धरून चालतो.

वस्तुतः संस्कृत साहित्यशास्त्रांत उत्तम मानलेल्या शैलीस नांव मिळालें तें ह्याच भूमीचें: वैदर्भी रीति. राजशेखरानें ‘काव्यमीमांसें’त काव्यपुरुष व साहित्यविद्या ह्यांचा विवाह लाविला तो वत्सगुल्म नगरांत, म्हणजे आमच्या वाशिमास. मराठी गद्याचा आद्य ग्रंथ ‘लीळाचरित्र’ म्हाइंभटांनीं तेराव्या शतकांत सिद्ध केला तो अमरावती जिल्ह्यांतील ऋद्धिपुरास. अशा मातींतली बोली अशुद्ध कशी म्हणावी?

अमेरिकेंत 1997 सालीं ‘किंग ऑफ द हिल’ नांवाची हलत्या चित्रांची विनोदी मालिका सुरू झाली. टेक्सास संस्थानांतील एका कल्पित गांवचें कुटुंब तींत आहे. कुटुंबप्रमुख गॅस विकणारा, हेकट; त्याच्या हेक्याला प्रेक्षक हंसतात. पण त्याची सचोटी आणि घरच्यांवरील माया हींही त्यांस दिसतात, म्हणून हंसतांहंसतां तो त्यांस आपलासा वाटतो. सबंध माणूस दाखविला म्हणजे विनोदाचा उपहास होत नाहीं. आमच्याकडेही ‘गाभ्रीचा पाऊस’ ह्या 2009 च्या चित्रपटानें पावसाची वाट पाहणारा विदर्भाचा शेतकरी दाखविला. तोही पाहावयास हवा.

गृहस्थांस विनंति एवढीच कीं, मुलांस प्रमाणभाषा अवश्य शिकवावी, पण घरच्या बोलीची लाज शिकवूं नये. नातवास मी वत्सगुल्माची कथा सांगितली. निघतांना माझे डोळे पाणावलेले पाहून तो मोठ्यानें म्हणाला, "आबा, काऊन रडून रायले?" मोटारींतील दोघे हंसले. तोही हंसला.