दांडेकर-रथांचा हिशेब आणि आपली वाणसामानाची यादी

वर्तमानपत्रातले अर्थकारणाचे पान आपण बहुतेक जणी फडताळात कागद म्हणून घालायला बाजूला काढतो. "ती मेली चलनवाढ नि निर्देशांक, आपल्याला काय कळतंय त्यातलं?" हे वाक्य हळदीकुंकवाला कितीदा तरी कानावर येते. आणि हेच म्हणणारी बाई तूरडाळ कुठल्या दुकानात दोन रुपयांनी स्वस्त आहे, हे झोपेतसुद्धा सांगेल!

आपल्या पुण्यातलीच गोष्ट पाहा. 1930 साली स्थापन झालेल्या गोखले इन्स्टिट्यूटमधले वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी 1971 मध्ये प्रश्न मांडला, देशात गरीब म्हणायचे कुणाला? उत्तर शोधायला ते शिरले थेट स्वयंपाकघरात. माणशी रोज 2250 उष्मांक पोटात जायला हवेत, असे त्यांनी धरले. मग राष्ट्रीय नमुना पाहणीत देशभरच्या कुटुंबांचा जो खर्च नोंदला होता, त्यावरून पाहिले, की महिना किती खर्च करणाऱ्या घरात एवढे अन्न प्रत्यक्षात खाल्ले जाते. 1960-61 च्या भावाने उत्तर आले : खेड्यात माणशी 15 रुपये, शहरात साडेबावीस. यात नुसते अन्न नव्हे, कपडालत्ता, सरपण, दिवाबत्ती सगळे आले. आणि एवढेही न जुळणारे निघाले खेड्यात शंभरात सुमारे 40, शहरात 50.

शहरात रक्कम जास्त का, हे समजायला पदवी नको. जिला परसातली भाजी नाही नि काटक्याही विकत घ्याव्या लागतात, तिला विचारा.

आज 15 रुपयांत लिटरभर दूधही येत नाही. तेव्हा जुनी रक्कम आजच्या भावात आणायची तर निर्देशांक हवाच. तो कसा चालतो? समजा, मीठ 25 चे 50 रुपये किलो झाले. वाड्यात केवढी बोंब होईल! पण किलोभर मीठ महिना पुरते, म्हणजे फटका 25 रुपयांचा. दूध लिटरमागे नुसते 6 रुपयांनी चढले, तर रोज लिटरभर घेणारीचे महिन्याला 180 गेले. म्हणून निर्देशांकात दुधाला वजन जास्त, मिठाला कमी. झाले की नाही सोपे?

एक गोष्ट मात्र त्या 2250 मध्ये दिसत नाही. आकडा माणशी सरासरीचा. पाहणीत नोंद होते ती घरात धान्य किती लागले याची. आधी पुरुष, मग मुले आणि शेवटी तळाच्या आमटीवर बाई जेवली, तरी घराची सरासरी बरोबरच येते! खर्चाच्या वहीत आठवडाभर एक रकाना जास्तीचा आखा नि त्यात रोज लिहा, आपण स्वतः काय जेवलो, आणि कितव्या पंगतीला.