कांदा झोंबतो, पण वास येत नाही

नाशिक जिल्ह्यात कोरोनाचा पहिला रुग्ण सापडला तो मार्च 2020 च्या अखेरीस, लासलगाव परिसरात. अख्ख्या देशाच्या कांद्याचा भाव जिथे ठरतो, तिथे. पुढच्या वर्षभरात आपल्याकडच्या कितीतरी स्वयंपाकघरांत एकच तक्रार ऐकू आली: कांदा चिरताना डोळ्यांतून पाणी येतं, वास मात्र अजिबात येत नाही. ‘तोंडाची चव गेलीय, येईल हळूहळू’ म्हणून लोकांनी ती सोडून दिली. मला तेव्हापासून या विषयाने झपाटलं आहे, कारण तक्रार तोंडाची नव्हतीच, नसांची होती.

कांद्यातून सुटणारा वायू डोळ्यांना झोंबतो, ती खबर मेंदूच्या पाचव्या नसेतून जाते. वास जातो पहिल्या नसेतून. तिच्या पेशी नाकाच्या अगदी वरच्या टोकाला असतात आणि तिथल्या सच्छिद्र हाडातून त्यांचे धागे थेट मेंदूत शिरतात. विषाणू याच पेशी मारत असणार, असा आधी अनेकांचा समज होता. हार्वर्डच्या संदीप रॉबर्ट दत्ता यांच्या गटाने 2020 मध्ये दाखवलं, की विषाणूला आत शिरायला लागणारं एसीई-2 हे प्रथिन त्या चेतापेशींवर नसून त्यांना जगवणाऱ्या शेजारच्या आधारपेशींवर आहे. माळी आजारी पडला की बाग सुकते, तसं हे. या चेतापेशीही आयुष्यभर नव्याने तयार होत राहतात. बहुतेकांचा वास तर काही आठवड्यांत परतला.

श्वसनाच्या विषाणूंची मेंदूपर्यंतची इतर उपद्रवयादी मोठी आहे. वुहानमधल्या 214 रुग्णांच्या पाहणीत 36 टक्क्यांहून अधिक जणांना चेतासंस्थेची काही ना काही लक्षणं होती. शिवाय पक्षाघात, नसांचा गुइलाँ-बारे आजार, मेंदूज्वर, महिनोन्महिने रेंगाळणारा विसराळूपणा. फ्लूमध्येही क्वचित लहान मुलांच्या मेंदूला सूज येते. त्यावर पुष्कळ लिहिलं गेलंय. नाकाकडे मात्र दुर्लक्ष झालं. आपल्या आरोग्य मंत्रालयाच्या लक्षणयादीत वास जाणं आलं, तेच जून 2020 मध्ये.

पंचवटीत राहणाऱ्या माझ्या मावशीचा वास परतला, पण बिघडून. कांदा-लसणाची फोडणी पडली की ती पदर नाकाला लावून ओट्यापासून लांब जायची. ‘‘अरे, रबर जळतंय की काय?’’ घरच्यांना वाटायचं, नाटक करते. नाटक नव्हतं. नव्याने उगवलेले धागे मेंदूत नीट जोडले गेले नाहीत, तर वासाचा अर्थच उलटा लागतो, असं मानलं जातं. कांदा, लसूण, कॉफी आणि भाजलेले पदार्थ यांतली गंधकयुक्त द्रव्यं यात बऱ्याचदा घाण वाटतात. आपल्या काळ्या मसाल्यात कांदा-खोबरं खरपूस भाजलेलं असतं. म्हणजे नाशिकच्या मिसळीची सगळी जानच अशा माणसाला असह्य! अशी माणसं जेवण टाळतात, वजन घटतं, मन खचतं. घरच्यांनी हे ओळखायला हवं.

यावर गोळीपेक्षा सराव बरा. जर्मनीतल्या ड्रेसडेनचे थॉमस हुमेल यांनी 2009 मध्ये चार वासांची पद्धत मांडली: गुलाब, लिंबू, लवंग, निलगिरी. सकाळ-संध्याकाळ प्रत्येक वास साधारण दहा सेकंद, मन लावून, निदान 12 आठवडे. मुघलांच्या काळात गुलशनाबाद म्हणवणाऱ्या आपल्या नाशकात गुलाबाची काय वाण! मखमलाबादचे मळे जवळच आहेत. मावशीने लोणच्याच्या छोट्या बरण्या घेतल्या. एकीत गुलाबाच्या पाकळ्या, दुसरीत लिंबाची साल, तिसरीत कुटलेली लवंग, चौथीत निलगिरी तेलाचा बोळा. आधी लवंग ओळखू आली, मग लिंबू. फोडणी सहन व्हायला बराच काळ लागला. सगळ्यांनाच पूर्ण गुण येतो असं नाही, पण अपाय काही नाही. वास महिन्याभरात परतला नाही, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवावं.

आणखी एक. सिलिंडरच्या गॅसला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात मुद्दाम उग्र गंधकयुक्त द्रव्य मिसळतात. घरात वास न येणारं कुणी एकटं राहत असेल, तर गॅसगळतीचा अलार्म बसवून घ्या आणि रात्री रेग्युलेटर बंद करायची सवय लावा.