नवे प्राचार्य आणि जुने प्राध्यापक : ताणलेल्या कार्यसंबंधांचा विचार

प्रस्तावना :
विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनी प्राचार्यपदाचा कालावधी पाच वर्षांचा ठरविला व मूल्यमापनानंतर तो आणखी एकदा वाढविण्याची तरतूद केली. साहजिकच तीस वर्षे सेवा करणाऱ्या प्राध्यापकास निदान तीन वेळा तरी नव्या वरिष्ठांच्या हाताखाली काम करावे लागते. अध्यापनपद्धतीवर आपल्याकडे विपुल लिहिले जाते. या प्रसंगावर मात्र फारसे कोणी लिहीत नाही. त्याची चर्चा स्टाफरूममध्येच होते आणि तिथेच ती बिघडते. नवीन प्राचार्यांशी बिघडलेला कार्यसंबंध पूर्ववत कसा होऊ शकतो, याचा ऊहापोह प्रस्तुत लेखात केला आहे.

तणावाचा उगम :
जुन्या प्राचार्यांच्या काळात अनेक गोष्टी तोंडी ठरलेल्या असतात. कोणाला पहिला तास नको, कोणत्या विभागाला किती मोकळीक, हे कागदावर कुठेच नसते. नवी व्यक्ती कागद पाहून निर्णय घेते आणि प्राध्यापकांना तो अन्याय वाटतो. प्रस्तुत लेखक उमेळे येथून रोज ये-जा करतो. काही वर्षांपूर्वी, नव्याने रुजू झालेल्या प्राचार्य मॅडमनी वेळापत्रक बदलले, तेव्हा लेखकाने लेखी हरकत घेतली व तिच्या प्रती सर्व विभागप्रमुखांना दिल्या. हरकत रास्त होती. प्रती देणे मात्र चुकले. त्यानंतर सुमारे चार महिने दोघांतील सर्व व्यवहार कार्यालयीन टिपणांतून झाला. मधल्या काळात दोन्ही बाजूंचे निरोप पोहोचविणारे हितचिंतक वाढले, आणि प्रत्येक निरोप वाटेत थोडा तिखट होत गेला.

रामशास्त्री व थोरले माधवराव :
मराठ्यांच्या इतिहासात या विषयाचे एक बोलके उदाहरण आहे. रामशास्त्री प्रभुणे नानासाहेब पेशव्यांच्या काळापासून सेवेत होते. १७६१ मध्ये माधवराव पेशवे झाले तेव्हा त्यांचे वय अवघे सोळा वर्षांचे होते. म्हणजे ज्ञानाने व अनुभवाने ज्येष्ठ असलेल्या न्यायाधीशास कोवळ्या वयाचा वरिष्ठ लाभला. ग्रँट डफ याने नोंदविलेल्या हकिकतीनुसार, शास्त्रीबुवा कामासाठी गेले असता पेशवे जपध्यानात मग्न होते व भेट झाली नाही. दुसऱ्या दिवशी शास्त्रीबुवांनी काशीस जाण्याची परवानगी मागितली. पेशव्यांनी दिलगिरी व्यक्त केली, पण आपल्या अनुष्ठानाचे समर्थनही केले. त्यावर शास्त्रीबुवांचे म्हणणे असे की, राज्य स्वीकारले आहे तर प्रजेचे काम हेच कर्तव्य होय. अनुष्ठानच करावयाचे असेल तर गादी सोडून दोघांनीही गंगातीरी जावे. माधवरावांनी ते मानले व आपला क्रम बदलला.

या प्रसंगातील बारकावे लक्षात घेण्यासारखे आहेत. शास्त्रीबुवांनी तक्रार दरबारात मांडली नाही, कारभाऱ्यांकरवीही पाठविली नाही. ती समोरासमोर केली. पेशव्यांच्या स्वभावाविषयी ते बोलले नाहीत, अडलेल्या कामाविषयी बोलले. शिवाय, बोलण्याची किंमत म्हणून पद सोडण्याची तयारी ठेवली. अर्थात, ऐकून घेणारा वरिष्ठ लाभणे हा भाग्याचा भाग, आणि तो प्रत्येकाच्या वाट्याला येतोच असे नाही.

प्रत्यक्ष दुरुस्ती :
जॉन गबारो व जॉन कॉटर यांनी १९८० मध्ये हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूमधील लेखात असे मांडले की, वरिष्ठ व कनिष्ठ परस्परांवर अवलंबून असतात. म्हणून वरिष्ठांवर कोणते दडपण आहे आणि त्यांची कामाची रीत कोणती, हे कनिष्ठाने जाणून घ्यावे. काही वरिष्ठ आधी वाचून मग बोलतात, तर काहींना आधी ऐकायचे असते, हा पीटर ड्रकर यांचा भेदही त्यांनी वापरला आहे. आमच्या मॅडम ऐकणाऱ्यांपैकी होत्या आणि लेखक त्यांना कागदांवर कागद पाठवीत होता! अखेर लेखकाने पंधरा मिनिटांची वेळ मागितली. प्रती वाटल्याबद्दल चूक कबूल केली; हरकत मात्र मागे घेतली नाही. त्या भेटीत कळले की नॅकच्या पुनर्मूल्यांकनाची कागदपत्रे अपुरी असल्याने त्या चिंतेत होत्या व वेळापत्रकातील बदलही त्याच घाईत झाला होता. लेखकाने एका निकषाचे दस्तऐवज लावून देण्याचे काम अंगावर घेतले. वेळापत्रक पूर्णपणे बदलले नाही, दोन तास तेवढे हलले. परंतु पुढचा मतभेद टिपणाऐवजी केबिनमध्ये बोलून मिटला.

दुरुस्तीची मर्यादा :
येथे एक भेद करणे आवश्यक आहे. कार्यपद्धतीवरील मतभेद जुळविता येतो. गैरकृत्यावर पांघरूण घालून संबंध जुळविणे ही दुरुस्ती नव्हे. हाजिरीत फेरफार किंवा गुणांत बदल करण्यास सांगितले गेले, तर महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ मधील तक्रार निवारण समिती व न्यायाधिकरण हे मार्ग उपलब्ध आहेत. हाही भेद रामशास्त्रींच्याच चरित्रात दिसतो. ३० ऑगस्ट १७७३ रोजी नारायणरावांचा खून झाल्यावर नवे धनी होते रघुनाथराव. त्यांनीच पुढे १७७५ च्या सुरतेच्या तहात साष्टीबरोबर आपली वसईही इंग्रजांना देऊ केली. खुनाच्या चौकशीअंती शास्त्रीबुवांनी त्यांना देहान्त प्रायश्चित्त सांगितले आणि पुणे सोडले. बारभाईंचा कारभार आल्यावर ते पुन्हा न्यायासनावर परतले.